कारचे हप्ते थकले: गाडी ठेवायची, विकायची की सोडून द्यायची?

दोन-तीन हप्ते तुंबले की घरात एकच प्रश्न घोळत राहतो: गाडी उचलून नेतील का? निर्णय मात्र दुसऱ्याच दोन आकड्यांवर घ्यायचा असतो. आज कर्ज पूर्ण बंद करायचे तर किती भरावे लागतील, हा पहिला आकडा. त्यासाठी बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून फोरक्लोजर लेटर मागून घ्या. गाडी आज बाजारात कितीला जाईल, हा दुसरा. जुन्या गाड्या घेणाऱ्या किमान तीन ठिकाणी गाडी दाखवून भाव काढा. हे दोन्ही आकडे कागदावर येईपर्यंत वसुलीवाल्याला फोनवर कसलाही शब्द देऊ नका.

पर्याय ताडून पाहण्यासाठी एक हिशेब धरू. थकलेले हप्ते सोडून पुढे फेडायची मुद्दल ₹३,८०,०००, व्याज १० टक्के, हप्ता ₹१३,५००, साधारण ३२ हप्ते बाकी. तीन हप्ते थकले म्हणजे ₹४०,५००. हप्ता परत गेल्याचे (बाउन्सिंग) शुल्क आणि दंड धरून आणखी ₹४,५००. एकूण देणे ₹४,२५,०००. गाडीचा बाजारभाव ₹४,६०,०००.

आधी तारखा

किती हप्ते थकले यापेक्षा सर्वांत जुना हप्ता किती दिवसांचा झाला, हे पाहा. ३१ मार्चचा हप्ता चुकला तर ३० एप्रिलला खाते एसएमए-१ मध्ये (धोक्याच्या इशाऱ्याच्या गटात) जाते, ३० मेला त्याच्या पुढच्या एसएमए-२ गटात आणि २९ जूनला एनपीए, म्हणजे बुडीत वर्गातले, होते. त्या तारखेआधी सर्वांत जुना एक हप्ता भरला, तरी दिवसांची मोजणी एक महिना मागे येते. एनपीए झाल्यावर ही सोय संपते. मग मुद्दल आणि व्याजासह सगळी थकबाकी चुकती केल्याशिवाय खाते पूर्ववत होत नाही. म्हणून ८५व्या दिवशी भरलेले ₹१३,५०० जे काम करतात, ते ९५व्या दिवशी करत नाहीत. हातात एकाच हप्त्याचे पैसे असतील, तर ते कोणत्या दिवशी भरायचे हे यावरून ठरवा.

गाडी ताब्यात घेण्यासाठी मात्र एनपीए होण्याची वाट पाहायलाच हवी असे नाही. ते करारातल्या कलमावर चालते. कराराची प्रत घरात नसेल तर आजच ईमेल करून मागा. ती कर्जदाराला मिळालीच पाहिजे. ताब्याआधी नोटीस किती दिवसांची, ती कधी टाळता येते आणि विक्रीआधी शेवटची संधी कशी मिळते, हे त्यात लिहिलेले असते.

दंडाचे खातेही तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दंड मुद्दलीत मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही, आणि या दंडावर जीएसटीही लागत नाही. स्टेटमेंटमध्ये तसे दिसले तर लेखी हरकत घ्या.

ठेवायची असेल तर

अडचण दोन-तीन महिन्यांची असेल, म्हणजे पगार अडकला, दवाखान्याचा खर्च आला, बिल मिळायचे राहिले, तर थकबाकी भरून टाकणे सर्वांत स्वस्त. आपल्या हिशेबात ₹४५,०००. त्यासाठी घरातले थोडे सोने गहाण ठेवणे परवडते. पण त्यासाठी क्रेडिट कार्डावरून रोख काढू नका. ते व्याज कारच्या कर्जाच्या कितीतरी पट असते.

मिळकतच कमी झाली असेल तर मुदत वाढवून मागा. थकलेले हप्ते धरून ₹४,२०,५०० नव्याने ४८ महिन्यांवर बांधले तर हप्ता ₹१०,६६५ होतो. महिन्याला ₹२,८०० सुटतात, पण शेवटी एकूण ₹३६,७०० च्या आसपास जास्त भरले जातात आणि क्रेडिट रिपोर्टवर रिस्ट्रक्चर्ड असा शेरा बसतो. मुदतवाढ देणे कर्ज देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. अर्जासोबत पगाराच्या जुन्या आणि नव्या स्लिपा, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट आणि परवडेल त्या हप्त्याचा आकडा द्या. नुसते ‘सवलत द्या’ म्हणणारे अर्ज पडून राहतात. नवा हप्ताही महिन्याअखेर जड जाणार असेल तर हा रस्ता धरू नका. सहा महिन्यांनी पुन्हा इथेच याल, आणि तोवर गाडीचा भाव उतरलेला असेल.

स्वतः विकणे की परत करणे

खरी तुलना इथे आहे. हप्ते झेपत नाहीत म्हणून हताश होऊन चावी देऊन टाकणारे लोक पुष्कळ आहेत, आणि सर्वांत जास्त नुकसान त्यांचेच होते.

स्वतः विकली तर: मुद्दलीवर ३ टक्के फोरक्लोजर शुल्क धरले तर ₹११,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ₹२,०५२. कर्ज बंद करायला ₹४,३८,४५२ लागतात. गाडी ₹४,६०,००० ला गेली तर ₹२१,५०० हातात उरतात आणि रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ येते. मागचे उशीर दिसतात, पण खाते स्वच्छ मिटते.

परत केली तर: गाडी यार्डात, म्हणजे जप्त गाड्या ठेवायच्या आवारात, जाते आणि लिलाव होईपर्यंत व्याज चालूच राहते. ओढून नेण्याचा आणि यार्डाचा खर्च तुमच्या खात्यावर पडतो. लिलावात बोली लावणारे बहुतेक व्यापारी असतात. त्यांना गाडी चालवून पाहता येत नाही, बॅटरी उतरलेली, टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर. ते त्यांचा नफा आणि जोखीम आधीच वजा करून भाव लावतात. ₹३,६०,००० आले आणि देणे तोवर ₹४,४०,००० झाले, तर गाडीही गेली आणि वर ₹८०,००० बाकी. गाडी परत केल्याने कर्ज फिटत नाही. विक्रीचे पैसे त्यात जमा होतात, एवढेच. जामीनदार असेल तर उरलेली रक्कम त्याच्याकडूनही मागता येते.

मग परत करणे कधी बरे? गाडीचा भाव देण्यापेक्षा बराच खाली असेल आणि फरक रोख भरायला पैसेच नसतील तेव्हा. स्वतः विकताना तो फरक त्याच दिवशी भरावा लागतो, नाहीतर एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचे ना-हरकत पत्र, मिळत नाही. परत केल्यावर तो नंतर मागितला जातो आणि त्यावर बोलणी करता येतात. तरीही सरेंडर लेटरची (गाडी स्वतःहून परत करत असल्याच्या पत्राची) सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि विक्रीआधी किंमत कळवावी व ग्राहक आणण्याची संधी द्यावी असे त्यातच लिहा.

स्वतः विकताना गाडा अडतो तो एनओसीवर. त्याच बँकेचे क्रेडिट कार्ड थकले असेल, दुसरे कर्ज असेल किंवा तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल, तर कारचे कर्ज फिटूनही एनओसी रोखली जाऊ शकते. ग्राहकाकडून इसार घेण्याआधी हे ईमेलवर विचारून घ्या. ग्राहकाने पैसे थेट कर्जखात्यात भरावेत आणि वरची रक्कम तुम्हाला द्यावी. त्यालाही हेच सुरक्षित. मग एनओसी आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रती घेऊन आरटीओत हायपोथिकेशन (आरसीवरची कर्ज देणाऱ्याच्या तारणाची नोंद) उतरवायचे आणि फॉर्म २९ व ३० भरून गाडी त्याच्या नावावर करायची. गाडी हातात देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेल्या डिलिव्हरी नोटवर सही घ्या.

एक व्यवहार मात्र कितीही सोपा वाटला तरी करू नका: वर थोडे रोख घेऊन ‘पुढचे हप्ते तू भर’ म्हणत गाडी दुसऱ्याला देऊन टाकणे. नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरने गाडी त्याच्या नावावर होत नाही आणि कर्ज तुमच्याच नावावर राहते. त्याने हप्ते बुडवले तर सिबिल तुमचे खराब होते. त्याच्या हातून अपघात झाला तर भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. शिवाय तारण गाडी परस्पर दिली म्हणून कर्ज देणारा फौजदारी तक्रार करू शकतो.

सेटलमेंट

सेटलमेंट म्हणजे देण्यापेक्षा कमी रक्कम घेऊन खाते मिटवणे. गाडी तुमच्या ताब्यात आणि तिची किंमत देण्याच्या आसपास असताना कर्ज देणाऱ्याला काही सोडण्याचे कारणच नसते. सेटलमेंट खरे उपयोगी पडते ते गाडी विकल्यानंतर उरलेल्या बाकीवर. एकरकमी पैसे असतील तरच बोला. हप्त्यांत सेटलमेंट घेतले आणि एक हप्ता चुकला, तर बहुधा सगळी सूट रद्द होते. पत्र आधी, पैसे नंतर. पत्रात कर्जखाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख, उरलेली रक्कम माफ केल्याचे आणि जामीनदार मोकळा झाल्याचे स्पष्ट वाक्य हवे. वसुली एजंटच्या खात्यात किंवा यूपीआयवर एक रुपयाही भरू नका. रिपोर्टवर ‘सेटल्ड’ राहते, आणि त्याच संस्थेकडून निदान १२ महिने नवे कर्ज मिळत नाही. दोन-तीन वर्षांत घरकर्ज घ्यायचे असेल तर उसनवारी करूनही ‘क्लोज्ड’ मिळवणे फायद्याचे.

उचलायला आलेच तर

फोन आणि भेटी सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच व्हायला हव्यात. आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि तुमचा कर्जखाते क्रमांक व गाडीचा नंबर लिहिलेले अधिकारपत्र हवे. दोन्हींचे फोटो काढा. गुंड पाठवून जबरदस्तीने वसुली करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले आहे. रस्त्यात अडवून चावी हिसकावली किंवा बायका-मुलांना खाली उतरवले, तर ११२ वर फोन करा आणि व्हिडिओ चालू ठेवा.

पण ‘नोटीस आली नाही, म्हणजे गाडी परत मिळणारच’ असे धरून चालू नका. याच न्यायालयाच्या २०२० च्या एका निकालानुसार नोटीस द्यावी लागते की नाही, हे करारावर ठरते. लवादाचा किंवा कोर्टाचा आदेश घेऊन रिसीव्हर (गाडी ताब्यात घ्यायला नेमलेला माणूस) आला असेल तर आदेशाची प्रत मागा आणि अडवू नका. गाडी गावाकडे नेऊन लपवणे सर्वांत वाईट. हातात असलेले बाकी पर्यायही त्याने बंद होतात.

चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेल्याची कायदेशीर नोटीस आली, तर मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे असतात, नाहीतर फौजदारी खटला होऊ शकतो. हे पाकीट न फोडता ठेवणारे फार लोक असतात. ते त्याच दिवशी वकिलाला दाखवा. वकील परवडत नसेल तर १५१०० वर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मदत विचारा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. छळ किंवा चुकीच्या आकारणीची तक्रार आधी संस्थेकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी १४४४८.

गाडी जाणारच असेल तर देण्याआधी डॅशबोर्डवरचे किलोमीटर, चारही टायर, स्टेपनी, जॅक, म्युझिक सिस्टीम आणि चारही बाजूंचे ओरखडे यांचे फोटो काढा. डिकी आणि ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा. मूळ आरसी, दागिने, शाळेची कागदपत्रे तिथेच राहून जातात. गाडीसोबत काय काय दिले त्याची यादी करून तिच्यावर गाडी नेणाऱ्यांची सही घ्या. कोऱ्या फॉर्म २९ किंवा ३० वर तुमची सही देऊ नका. आणि फास्टॅग त्याच संध्याकाळी बंद करा, नाहीतर यार्डापर्यंतचा टोलही तुमच्याच खात्यातून जाईल.