1992 ची मियाटा: सडलेली नीट करायची की नवी घ्यायची

माझ्याकडे पहिल्या पिढीची मियाटा आहे, माझदाची दोन सीटची, कापडी छपराची छोटी गाडी. निकाल आधीच सांगतो: जुनीच ठेवली. दोन्ही बाजूंचे रॉकर पॅनल, म्हणजे दाराखालचे पोकळ पत्रे, कापून नवे वेल्ड करून घेतले, छप्पर बदललं, आणि नव्या एनडी, म्हणजे चौथ्या पिढीच्या मियाटासाठी बाजूला काढलेले पैसे बँकेतच राहिले. वेल्डिंगनंतर न्यू जर्सीचा एक अख्खा हिवाळा आणि वसंतातला पाऊस गाडीवरून गेला, म्हणून आता अनुभव लिहितोय. बॉनेटमधून वर येणारे हेडलाइट, 1.6 लिटरचं इंजिन, 1989 च्या शिकागो ऑटो शोमध्ये झालेलं पदार्पण, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. मला बोलायचंय ते सीटच्या मागे असलेल्या निचऱ्याच्या दोन नळ्यांबद्दल. ही गाडी जगते ती या नळ्यांमुळे आणि मरतेही त्यांच्यामुळेच, असं माझं ठाम मत झालंय.

कापडी छप्पर मागे पत्र्याला जिथे मिळतं तिथे आतून एक पन्हळ आहे. छपरावरचं पाणी त्या पन्हळीत उतरतं, दोन्ही सीटच्या मागे सीटबेल्टच्या खांबाजवळच्या कोपऱ्यात जातं आणि तिथून नळीने मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडतं. गाडी झाडाखाली उभी राहिली की पाइनच्या सुया आणि मेपलच्या पानांचा चुरा त्या कोपऱ्यात जमतो आणि नळी तुंबते. कोकणात घर असलेल्यांना वेगळं सांगायला नको. पन्हळ मे महिन्यात साफ केली नाही की जूनमध्ये पाणी भिंतीत मुरतं. इथे भिंतीच्या जागी रॉकर पॅनल आहे. पाणी त्यात उतरून मागच्या टोकाला साचतं आणि पत्र्याला आतून खातं. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला थर संपलेला असतो. त्यात इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून लागतं.

हा पत्रा शोभेचा नाही. गाडीला डोक्यावर पोलादी छप्पर नाही, त्यामुळे वळणावर बॉडीला पडणारा पीळ मुख्यतः हेच दोन रॉकर पेलतात. ते सडले की दारं नीट लागत नाहीत, खड्ड्यात गाडी कुरकुरते, आणि बाजूने धक्का बसला तर काय होईल हा विचारही नको वाटतो.

गेल्या उन्हाळ्यात ऑइल बदलताना मेकॅनिकने डाव्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो आत गेला. कोल्हापूरहून धाकटा भाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "दादा, तेहतीस वर्षांची गाडी आहे, भंगारात टाक की आता." बायकोचा मुद्दा त्याहून वजनदार होता: या गाडीत एकच एअरबॅग आहे, तीही ड्रायव्हरपुढे, आणि टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गावर, आजूबाजूला सगळ्या दोन-दोन टनांच्या एसयूव्ही. त्यामुळे एनडी चालवून बघितली. 2019 पासूनच्या दोन लिटर इंजिनात 181 हॉर्सपॉवर आहेत, माझ्या गाडीत 116. छप्पर सीटवर बसल्या बसल्या एका हाताने मागे जातं. ब्रेक, प्रकाश, हीटर, सगळंच सरस. पण माझ्या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही. पुढच्या टायरखाली खडी आहे की ओलं डांबर, हे हाताला कळतं. एनडीचं इलेक्ट्रिक स्टीअरिंग हलकं आणि अचूक आहे, पण ते ही बातमी देत नाही. तरीही त्या दिवशी घरी येताना माझा कौल नव्या गाडीकडे होता.

मग हिशोबाला बसलो. नवी गाडी तीस हजार डॉलरच्या आसपास. न्यू जर्सीचा विक्रीकर 6.625 टक्के, म्हणजे नुसता कर जवळजवळ दोन हजार. चांगल्या वेल्डरने दोन्ही रॉकर कापून, बसवून, रंगवून द्यायचे 3,800 सांगितले होते. निम्म्याहून जास्त दुरुस्ती कराच्या पैशात होत असेल, तर मला तरी दुसरा विचार करवत नाही. इंजिनची काळजी नव्हती. 1990 आणि 1991 च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाची खाच झिजण्याचा दोष होता. त्या टोकावरच्या पुलीच्या मध्यभागी चार खाचा दिसल्या तर तो जुना क्रँक, आठ दिसल्या तर सुधारलेला. माझ्या गाडीला आठ आहेत. चार असत्या आणि पुली डुगडुगत असती, तर मी इतका खर्च केला नसता.

आता वैताग. त्या वेल्डरकडे तारीख लांबची होती, म्हणून काम आधी घराजवळच्या एका बॉडी शॉपला दिलं. त्यांनी 1,400 डॉलर घेतले आणि "पत्रा बदललाय" असं बिलावर लिहून दिलं. दोन महिन्यांत त्याच जागी फोड आले. फ्रिजवरचं चुंबक काढून लावलं, तर डाव्या बाजूला वीतभर लांबीत ते चिकटेचना. पत्रा नव्हताच, गंजावर जाळी आणि वर पुट्टी. फोटो काढले, बिलाची प्रत जोडली, आठवडेच्या आठवडे फोन केले. मॅनेजर म्हणे, "जुनी गाडी आहे, गंज परत येणारच." अरे, पण बिलावर पत्रा लिहिलाय ना? शेवटी सातशे परत मिळाले. उरलेल्या सातशेंचा राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही. तुम्ही कोणाकडेही काम द्या, जुना पत्रा कापल्यानंतरचा आणि नवा वेल्ड केल्यानंतरचा, रंगाच्या आधीचा फोटो मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी ताब्यात घेताना खिशात चुंबक ठेवा.

वेल्डरने ऑक्टोबरात काम केलं ते बघण्यासारखं होतं. आधी पुट्टी खरवडली, बाहेरचा रॉकर मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत कापला, आतल्या थराचा सडका तुकडा वेगळा काढून तिथे पत्रा घडवून बसवला. वेल्डिंगआधी दारं लावून फटी मोजल्या, कारण इथे बॉडी जराशी झुकली तर दार कायमचं घासतं. शेवटी रंग, आणि पोकळीत लांब नळीने मेण मारलं. जॅक लावायची खालची कडही त्याने सरळ करून दिली.

सुरुवातीचा निकाल सोडला तर इथपर्यंतचा मजकूर मी मार्चमध्ये लिहून ठेवला होता. आता जून आहे आणि दोन बाबतींत मत बदललंय.

पहिली, छप्पर. मार्चपर्यंत माझं म्हणणं होतं की मूळसारखंच, प्लास्टिकच्या खिडकीचं छप्पर हवं. माझदाने 2017 मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्यांच्या जीर्णोद्धाराची योजना जाहीर केली, कापडी छप्पर, नार्डी कंपनीचं लाकडी स्टीअरिंग, असे भाग पुन्हा बनवले. ते वाचून मूळ रूपाचा आग्रह मनात पक्का बसला होता. पण प्लास्टिकची खिडकी थंडीत कडक होते, झिप न उघडता छप्पर मागे टाकलं तर चिरते, आणि काही वर्षांत धुरकट होते. एप्रिलमध्ये काचेच्या खिडकीचं छप्पर बसवलं, बसवणावळीसकट 1,300. रात्री पावसात मागचं स्वच्छ दिसतं. मूळ रूपाचा आग्रह मी सोडला. छप्पर बदलताना पन्हळही नवी टाका. जुनी तडकलेली असेल तर नळ्या कितीही साफ करा, कार्पेट ओलं होणारच.

दुसरी, जुन्या गाड्यांसाठीची हिस्टॉरिक नंबर प्लेट. गाडी पंचवीस वर्षांहून जुनी असल्याने मिळू शकते, आणि मी घेणार होतो. पण त्या प्लेटवर गाडी प्रदर्शनापुरतीच चालवायची असते. मला शनिवारी सकाळी डेलावेअर नदीच्या काठाने फ्रेंचटाउनपर्यंत जायचं असतं, येताना भाजी आणायची असते. साधी प्लेटच बरी.

बायकोच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून एवढं ठरलंय की मुलीला घेऊन टर्नपाइकवर ही गाडी जाणार नाही. तिथे घरची दुसरी गाडी.

नळ्यांची निगा अशी: सीट पुढे घ्या, कोपऱ्यातला कचरा बोटांनी काढा, मग गवत कापायच्या ट्रिमरची जाड प्लास्टिक दोरी हळूहळू आत सोडा. तार घालू नका, नळीला भोक पडलं तर पाणी थेट रॉकरमध्येच. शेवटी तांब्याभर कोमट पाणी ओता आणि मागच्या चाकापुढे धार पडते का बघा. थेंब थेंब पडत असेल तर अजून कचरा आहे. पानगळ संपल्यावर एकदा आणि वसंतात परागकण उडून गेल्यावर एकदा. खर्च शून्य. एवढ्याने 3,800 चं काम टळतं.

डिकीतली बॅटरीही बघा. मुळात तिथे सीलबंद, वाफ बाहेर नेणारी नळी असलेली बॅटरी होती. स्वस्तात साधी टाकली तर आम्लाच्या वाफेने डिकीचा तळ गंजतो, आणि तो गंज या रॉकरच्या गंजाचा सख्खा भाऊ.

तुमची गाडी दोन्ही बाजूंनी सडली असेल, चाकाच्या कमानीही गेल्या असतील आणि क्रँकही जुना असेल, तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. पण लगेच एनडीही नको. ॲरिझोना किंवा टेक्सासकडची, मीठ न लागलेली पहिल्या पिढीचीच शोधा. रंग उन्हाने उडालेला असेल, डॅशबोर्ड तडकलेला असेल, चालेल. पत्रा शाबूत हवा. बघायला जाताना चुंबक आणि पाण्याची बाटली बरोबर न्या, आणि मालकाला विचारून बाटली त्या कोपऱ्यात ओता.

माझ्या गाडीचं पुढचं काम टायमिंग बेल्टचं, दर 60,000 मैलांनी बदलायचा. या 1.6 मध्ये बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, म्हणजे इंजिन वाचतं, त्यामुळे घाई नाही. पाण्याचा पंपही त्याच खोलात आहे, दोन्ही एकदमच उरकून मजुरी एकदाच देणार.