प्रयोग करायचे की गाव धरून बसायचं?

अर्थशास्त्रात एम.ए. झालंय, गरिबीवर काम करायची इच्छा आहे, पण वाट ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. वाटा मुख्यतः दोन. दोन्हींत रोजचं काम इतकं वेगळं आहे की अभ्यासाचा विषय एकच, यावर विश्वास बसू नये.

पहिली वाट प्रयोगांची: चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं निवडायची, काहींत योजना राबवायची, काहींत नाही, आणि फरक मोजायचा. 2003 साली अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झालेल्या जे-पॅल या संशोधन केंद्राने ती रूढ केली. 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना याच कामासाठी मिळालं. नमुना म्हणून उदयपूर जिल्ह्यातला लसीकरणाचा प्रयोग घ्या. काही गावांत ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं, काही गावांत शिबिराला येणाऱ्या आईला शिवाय किलोभर डाळ दिली. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण 6 टक्के, नुसत्या शिबिराने 18, डाळीसकट 39. प्रश्न छोटा, उत्तर लख्ख. (डाळ देऊनही निम्म्याहून जास्त मुलं राहिलीच, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही.)

नवख्याच्या वाट्याला यातलं काय येतं? प्रश्नावली स्थानिक बोलीत बसवणं, सर्वेक्षकांनी खरंच घर गाठलं का हे पुन्हा जाऊन तपासणं, रात्री स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे साफ करणं. पगार वेळेवर मिळतो, काम शिस्तीचं असतं. पुढे जायचं तर बहुतेकदा परदेशी पीएचडी: पाच-सहा वर्षं आणि भक्कम गणित. रिअल अ‍ॅनालिसिस या सिद्धतांच्या गणिताचं नाव काढलं की पोटात गोळा येत असेल, तर आधी ते बघा.

दुसरी वाट एकच गाव वर्षानुवर्षं पाहण्याची. उत्तर प्रदेशच्या मुरादाबाद जिल्ह्यातलं पालनपूर 1957-58 पासून पुन्हा पुन्हा अभ्यासलं गेलंय; अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ 1983-84 मध्ये तिथे राहिले होते. आपल्याकडे सोलापूरचं शिरापूर आणि अकोल्याचं कानझरा ही गावं इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने 1975 पासून धरली. पालनपुरात दिसलं ते असं: लोक शेतीबाहेरच्या कामाला लागले, गरिबी घटली आणि विषमता वाढली. असा बदल चिठ्ठ्या टाकून कुठल्या प्रयोगात घडवणार?

पण या वाटेवर शोधनिबंध उशिरा छापून येतात, जागा थोड्या, आणि निवड समित्यांना छापील निबंधच दिसतात. ग्रामीण मराठी, तिथलं जात-जमिनीचं गणित ज्याला उपजत कळतं, त्याला इथे मोठा फायदा आहे.

खोलीत बसून सरकारी आकड्यांवर काम करायची तिसरीही सोय आहे. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये पुण्यात, माणशी रोज 2250 कॅलरी हा गरिबीचा निकष धरून, हेच केलं. धोका एवढाच की आकडे सरकारच्या हातात. 2017-18 चं उपभोग खर्चाचं (घरं कशावर किती खर्च करतात याचं) सर्वेक्षण बाहेर आलंच नाही, आणि 2011-12 नंतर थेट 2022-23 चे आकडे मिळाले.

माझं मत: सुरुवात प्रयोगवाल्यांकडे करावी, कारण आकडे साफ करायची सवय कुठेही उपयोगी पडते. मात्र मुलाखतीत दोन गोष्टी स्पष्ट विचारा. महिन्यातले किती दिवस गावात असणार, आणि निबंधावर तुमचं नाव येणार का. दुसऱ्यावर बहुधा ‘नाही’ असंच उत्तर येईल. मग किमान पीएचडीसाठी शिफारसपत्र कोण देणार, तेवढं तरी आधीच पक्कं करून घ्या.