शोधून देणाऱ्याचा पत्ता

जुलैत एका बनावट ट्रेडिंग अ‍ॅपात माझे २ लाख ४० हजार गेले. कसे, ते सांगत बसत नाही. असल्या कहाण्या तुम्ही वाचल्याच असतील. त्यानंतर मी दुसऱ्यांदा नागवलो, ते लिहितोय.

डिचोलीला माझं हार्डवेअरचं दुकान. टेलिग्रामच्या एका ग्रुपात रडगाणं गायलो, तासाभरात एकाचा मेसेज: "दादा, पैसे कुणाकडे गेले ते काढून देतो." बोलणं नम्र. अमेरिकेत २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइन ह्या इंधनवाहिनी कंपनीने हॅकरांना खंडणीत दिलेल्या ७५ बिटकॉइनपैकी ६३.७ एफबीआयने परत मिळवले, असं म्हणाला. ते खरंच आहे. फक्त ते बिटकॉइन ज्या पत्त्यावर (क्रिप्टोतला खाते क्रमांकच म्हणा) होते, त्याची प्रायव्हेट की, म्हणजे पैसे हलवायची गुप्त किल्ली, एफबीआयच्या हाती होती, हे त्याने गाळलं.

फी १८ हजार, तीही यूएसडीटीत, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात. दोन दिवसांनी पीडीएफ आली. गोल, बाण, पत्ते, मग क्रिप्टो खरेदी-विक्रीचं एक मोठं एक्स्चेंज, त्यातून बाहेर आणखी एक बाण आणि टोकाला एका माणसाचं नाव नि फोटो. मी ती बिलांच्या प्रिंटरवर छापून बायकोला दाखवली! मग "खातं गोठवायला" ३५ हजार. तेही दिले.

चतुर्थीला म्हापशाहून भाचा आला. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधून झाल्यावर त्याला कागद दाखवला.

"मामा, एक्स्चेंजातून बाहेर ही रेघ कशी ओढली? तिथे हजारोंचे पैसे एकत्र पडतात. विहिरीत ओतलेलं आपलं तांब्याभर पाणी कोण ओळखणार? नाव त्यांच्या केवायसीत असतं, आणि ते पोलिसांनी मागितल्यावर मिळतं, ह्याला नाही."

मग त्याने ट्रॉनस्कॅन उघडलं, ट्रॉन नावाच्या क्रिप्टो नेटवर्कवरचे व्यवहार दाखवणारी साइट. फुकट आहे, कुणालाही बघता येतं. जुलैत माझे पैसे गेले तो, टी ने सुरू होणारा पत्ता टाकला. माझे जुलैचे पैसे दोन टप्पे घेऊन एका पत्त्यावर, तिथून थेट एक्स्चेंजात. असा जमा करायचा पत्ता एक्स्चेंज प्रत्येक खातेदाराला वेगळा देतं, म्हणाला. नंतर मी फी भरली तो पत्ता टाकला. एकच टप्पा, आणि पुढे तोच पत्ता. शेवटची चार अक्षरं मी दोनदा ताडून पाहिली.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पहिल्याच तासात करायचा असतो. ह्या "शोधा"च्या भरवशावर मी सात आठवडे घालवले. सायबर पोलिसांना दोन्ही व्यवहारांचे हॅश (व्यवहाराची ओळख पटवणारे क्रमांक) आणि तो पत्ता लिहून दिला. हवालदाराने पीडीएफ उलटसुलट पाहिली नि विचारलं, "हा फोटो कुणाचा?"

मला काय ठाऊक.