बीपॅक : आठ महिन्यांचा वापर आणि अंधाराचा हिशेब

बीपॅक या निळ्या प्रकाशाने चालू होणाऱ्या एन्झाइमबद्दल लिहायचे बरेच दिवस मनात होते. प्रत्यक्षात लिहायला बसलो ते गेल्या महिन्यात, इन्क्युबेटरच्या सर्व्हिस इंजिनिअरच्या भेटीचे बिल हाती पडल्यावर.

बेगियाटोआ जिवाणूतले हे एन्झाइम निळ्या प्रकाशात एटीपीपासून सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोहोचवणारा छोटा रेणू) बनवते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. २०११ साली ते प्रसिद्ध होण्यापूर्वी युग्लेना या एकपेशीय जीवातल्या तशाच एन्झाइमच्या, सुमारे साडेआठशे ते हजार अमिनो आम्लांच्या अवजड साखळ्यांवर भागवावे लागे. बीपॅक तेच काम ३५० अमिनो आम्लांत उरकते. प्रकाश टिपायला लागणारे फ्लॅव्हिन पेशीतच असते, त्यामुळे वरून काही विकत आणून घालावे लागत नाही. दिवा बंद केल्यावर क्रिया निम्म्यावर यायला अर्धा मिनिटही लागत नाही. सायक्लिक एएमपी वाढवणारे फोर्स्कोलिन हे रसायन घालून नंतर ते धूत बसण्याची कटकट ज्यांनी सोसली आहे, त्यांना याचे मोल कळेल.

माझी तक्रार एकच आहे, ती म्हणजे अंधार. स्वतःचे अॅडेनिलिल सायक्लेज (सायक्लिक एएमपी बनवणारे एन्झाइम) नसलेल्या ई. कोलाय जिवाणूंत बीपॅक घालून ते एक्स-गालच्या (सायक्लिक एएमपी असेल तर वसाहती निळ्या करणाऱ्या रसायनाच्या) प्लेटवर वाढवले, की उजेडातल्या वसाहती निळ्या आणि अंधारातल्या पांढऱ्या दिसायला हव्यात. आमच्या अंधारातल्या वसाहती फिकट निळ्या येत होत्या. सहा आठवडे मी सगळा दोष एन्झाइमच्या माथी मारला, दोनदा नव्याने क्लोनिंग केले आणि एक्स-गालची महागडी बाटली तळाला नेली.

मग एके दिवशी लक्षात आले की प्रत्येक प्लेटच्या एकाच कडेच्या वसाहती इतरांपेक्षा गडद आहेत. बचत म्हणून मी अॅल्युमिनियम फॉइल घड्या घालून पुन्हा पुन्हा वापरत होतो. ती फॉइल दिव्यासमोर धरली, तर घडीच्या रेषेवर सुईच्या टोकाएवढी सात-आठ छिद्रे दिसली. इन्क्युबेटरचे दार उघडले की आतला पांढरा एलईडी लागतो, आणि पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा भाग भरपूर असतो. बीपॅकला हवा असतो नेमका तोच. दिवसभरात ते दार कितीजण उघडतात, हे मोजायचे मी टाळले.

दिवा कायमचा बंद करून मिळावा म्हणून इंजिनिअरला बोलावले. वायर काढली तर वॉरंटी रद्द होईल, असे सांगून तो निघून गेला आणि भेटीचे पैसे मात्र त्याने लावले. शेवटी वीस रुपयांच्या काळ्या इन्सुलेशन टेपने ते काम झाले.

त्यानंतर कोऱ्या फॉइलमध्ये प्लेटा ठेवल्या. कडेचा गडदपणा गेला, पण वसाहती पूर्ण पांढऱ्या झाल्या नाहीत. म्हणजे पहिल्या सहा आठवड्यांतला माझा राग अर्धा तरी बरोबर होता. उजेडात क्रिया सुमारे ३०० पटींनी वाढते, हा आकडा सगळे कौतुकाने सांगतात. मी तो उलटा करून पाहिला. ट्रान्सफेक्शननंतर, म्हणजे बीपॅकचे जनुक आत घातल्यावर, पेशी ४८ तास, म्हणजे २८८० मिनिटे अंधारात राहिल्या, तर त्या अवधीत होणारे काम साडेनऊ मिनिटांच्या पूर्ण उजेडातल्या कामाएवढे भरते. सायक्लिक एएमपी तोडणारे फॉस्फोडायएस्टरेज हे एन्झाइम त्यातले बरेच निस्तरते हे खरे. पण पेशींवर त्याचा परिणाम झालाच नसेल, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

हल्ली मी १९८व्या जागी फिनाइलअॅलॅनिनऐवजी टायरोसिन असलेले रूप वापरतो. त्याची अंधारातली गळती कमी आहे आणि माझ्या प्लेटांवर अंधारातल्या वसाहती आता पांढऱ्याच येतात. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची खूणही सोडून दिली, कारण ती पाहण्यासाठी ४८८ नॅनोमीटरचा लेसर टाकला की पाहण्याआधीच बीपॅक चालू होते. त्याऐवजी एमचेरी हे लाल चमकणारे प्रथिन जोडले आहे. मूळ रूप फेकलेले नाही. उजेड दिल्यावर काही मिनिटांतच जे मोजायचे, त्यासाठी ते आजही उत्तम चालते. फॉइल मात्र एकदा वापरली की टाकून देतो, आणि दर वेळी हात आखडतोच.