‘ता.’चा तालुका झाला: लिबरऑफिसच्या शॉर्टकटवर आठ महिने

आमचं टायपिंगचं दुकान तहसील कचेरीसमोर. दिवसभर प्रतिज्ञापत्रं, वारस नोंदीचे अर्ज, भाडेकरार, हरकती. चौदा आणे मजकूर तोच. बदलतं ते नाव, गाव, वय आणि गट नंबर. इतकी वर्षं मी जुनी फाइल उघडून त्यातच नाव बदलायचो, आणि मग एकाच्या कागदात दुसऱ्याचं वय तसंच राहून जायचं. आठ महिन्यांपूर्वी लिबरऑफिस रायटर या टायपिंगच्या प्रोग्राममधलं ऑटोटेक्स्ट, म्हणजे साठवलेला मजकूर शॉर्टकटवर उतरवणारी सोय, नीट बसवून घेतलं.

करायला सोपं आहे. मजकूर निवडून कंट्रोल-एफ३ दाबायचं, नाव आणि शॉर्टकट देऊन ठेवून द्यायचं. मग ‘प्रति’ लिहून एफ३ दाबलं की ‘मी, खाली सही करणार’पासून सहीच्या जागेपर्यंत सगळं प्रतिज्ञापत्र उतरतं, ठळक अक्षरं आणि तक्त्यासकट. नावाच्या जागी मी मुद्दाम टिंबं ठेवलीत. राहिलेली टिंबं लगेच डोळ्यांत खुपतात, राहिलेलं जुनं नाव खुपत नाही. यासाठी या सोयीला पैकीच्या पैकी.

मग अतिशहाणपणा सुचला. एफ३ तरी कशाला दाबायचं, म्हणून छोटे शब्द ऑटोकरेक्टच्या यादीत घातले: ‘रा’चं राहणार, ‘जि’चं जिल्हा, ‘ता’चं तालुका. तिथे स्पेस किंवा पूर्णविराम पडला की शब्द आपोआप बदलतो. दोन दिवस मी हवेत. तिसऱ्या दिवशी एका हरकतीत लिहिलं, ‘ता. १२ जूनच्या नोटिशीस अनुसरून’. प्रिंट निघाली, सही झाली, पक्षकार आत गेला आणि पाच मिनिटांत परत आला. ‘काका, साहेब विचारतात, हा १२ जून तालुका कुठल्या जिल्ह्यात?’ कागदावर छापलं होतं, ‘तालुका. १२ जूनच्या’. तारखेचा ‘ता.’ही तोच, हे माझ्याच ध्यानात नव्हतं. त्याच संध्याकाळी ते तिन्ही शब्द यादीतून काढले.

गट नंबरचंही तसंच. इंग्रजी आकड्यांत 1/2 लिहिलं की त्याचा ½ होतो. लेखात शोभेल, पण पोटहिश्शाच्या नंबरात हा अपूर्णांक काय कामाचा? ती नोंद खोडून टाकली. तेवढ्यापुरतं कंट्रोल-झेड दाबलं तरी मूळ आकडे परत येतात, पण घाईत बघतो कोण.

शुद्धलेखनासाठी मात्र ऑटोकरेक्टसारखा सोबती नाही. ‘आणी’, ‘परंतू’, ‘दुसर्या’ हे शब्द कुठेच बरोबर नसतात, म्हणून बेधडक यादीत. ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही बरोबर, त्यांना हात लावायचा नाही. ‘ॲड.’ने मात्र डोकं खाल्लं. वकिलांच्या नावाआधी रोज लागणारा शब्द, पण ‘ॲ’ दोन तऱ्हांनी उमटतो: एकतर एकच अक्षर म्हणून, नाहीतर ‘अ’वर चंद्र चढवून. पडद्यावर फरक दिसत नाही, मशीनला मात्र ती वेगळी अक्षरं. एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. शेवटी चंद्र चढवलेलं रूप यादीत टाकून दुसऱ्यावर वळवलं, तेव्हा सगळे वकील एका रांगेत आले.

एक अडचण सुरुवातीला बरीच छळून गेली: या याद्या भाषेगणिक वेगळ्या असतात. मी पंधरा-वीस शब्द इंग्रजीच्या यादीत भरले आणि मराठीत काहीच होईना म्हणून वैतागलो. वर भाषेचा रकाना आहे, तो आधी बघा. शब्द आपोआप पुरा करणारी सोय मी बंदच केली. ‘चंद्रकांत’ लिहून खालच्या ओळीवर जायला एंटर दाबावं, तर आधीच्या कुणाचा तरी ‘चंद्रकांतराव’ येऊन बसायचा.

हे सगळं त्या त्या कॉम्प्युटरवरच्या युजर प्रोफाइलमध्ये राहतं, फाइलबरोबर जात नाही. प्रोफाइलचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या मशीनवर टाकायचाय, ते आज-उद्या करत राहिलंय. तिथे बसणारा पोरगा अजून जुनी फाइल उघडूनच काम करतो. काल त्याच्या हातून निघालेल्या अर्जात पंचविशीच्या मुलीचं वय ६८ होतं.