आई गेलेल्या लेकराला घेऊन पुण्याहून विदर्भात: कोणती गाडी बरी?

हा प्रवास मी दोनदा केलाय. १९९४ साली ते लेकरू मीच होते. नऊ वर्षांची, आईचं तेरावं नुकतंच झालेलं, आणि मामा मला कोल्हापूरहून वर्ध्याला कायमची घेऊन चालला होता. दुसऱ्यांदा गेल्या हिवाळ्यात, मामेबहीण गेल्यावर तिच्या सात वर्षांच्या मुलाला पुण्याहून त्याच घरी नेलं. त्यामुळे ओळखीत कुणावर अशी वेळ आली आणि 'कशाने नेऊ गं?' म्हणून फोन आला, की तिकिटाचं आणि तासांचं बोलणं मी नंतर काढते. आधी दोन गोष्टी विचारते: गाडी तिथे किती वाजता पोचते, आणि वाटेत मुलाला किती जण नाव-गाव विचारणार?

विमान आणि ट्रॅव्हल्सची बस पटकन निकालात काढते. विमानाने मूल जेवायच्या आत दुसऱ्या घरात असतं. आपण निघालो हे मनात उतरायच्या आधीच पोचलेलं. स्लीपर बसमध्ये पडदा ओढला की अंधार, त्यात मूल आधीच धड जेवलेलं नसतं आणि उलटी झाली तर बस आपल्यासाठी थांबेलच असं नाही. राहिली रेल्वे.

ऑगस्ट २०२५ पासून पुणे-अजनी (म्हणजे नागपूरच) वंदे भारत सुरू आहे. ८८१ किलोमीटर, साधारण बारा तास, सकाळी निघून संध्याकाळी पोचते. डबा स्वच्छ, खाणं जागेवर येतं, सगळ्यांची तोंडं बहुतेक मोबाईलमध्ये, त्यामुळे चौकश्या कमी. पण बारा तास बसून राहायचं. दुःखातलं मूल भलत्या वेळी झोपतं, सकाळी अकराला सुद्धा, आणि त्याला आडवं व्हायला जागा लागते. दुसरं म्हणजे पोचायची वेळ. घरातलं माणूस गेलंय अशा कुणालाही विचारा, दिवस कसातरी निघतो, खायला उठते ती दिवेलागण. नेमक्या त्या वेळी नव्या घराच्या उंबऱ्यात मूल उभं करायचं, हे माझ्या जिवावर येतं. दहा-बारा वर्षांचं, जरा समजतं मूल असेल आणि रात्रीच्या गाडीचं आरक्षण मिळतच नसेल, तर मात्र हीच घ्या.

रात्रीच्या गाड्यांत आझाद हिंद रोजची, गरीब रथ ठरावीक दिवशी. दोन्ही संध्याकाळी पुणं सोडतात आणि सकाळी तिकडे पोचतात. कातरवेळ सामान लावण्यात, डबा उघडण्यात निघून जाते. सकाळी रिक्षातून उतरताना अंगणात ऊन असतं, कुणीतरी दात घासत असतं, चहा उकळत असतो. घर नवं असलं तरी उजेडात दिसतं. भाच्याला मी अशीच रात्रीची गाडी घेतली, थ्री एसी. त्यात एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती: रात्री एसी डब्याची काच आरशासारखी होते. बाहेर काही दिसत नाही, मुलाला स्वतःचाच चेहरा दिसत राहतो. भाचा बराच वेळ त्याकडे बघत बसला. शेवटी मी आमच्या डोक्यावरचा दिवा मालवला, तेव्हा बाहेरच्या बत्त्या दिसायला लागल्या आणि तो त्या मोजू लागला.

रेल्वेच्या स्लीपर डब्याची खिडकी उघडी असते, हे खरं तर रडणाऱ्या मुलाच्या सोयीचं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंच, कुणी काही विचारत नाही. पण आता स्लीपरमध्ये गर्दी इतकी शिरते की एखादी आजी शेजारी टेकतेच आणि 'मम्मी नाही आली का रे?' हा प्रश्न ठरलेला. बिचारीचा दोष नसतो.

यावर माझा उपाय साइड लोअर आणि साइड अपर अशा दोन बर्थ. दिवसा दोघं समोरासमोर बसता, पलीकडच्या सहा जणांच्या घोळक्यात नसता, खिडकी तुमचीच. फक्त आरएसीत साइड लोअर दोघांत विभागून देतात, तेव्हा कन्फर्म नसेल तर दोन दिवस थांबा, पण निघू नका. आणि पाच ते बाराच्या आतल्या मुलाचं अर्धं तिकीट काढलंत तर त्याला बर्थ मिळत नाही. इथे काटकसर करू नका. पूर्ण तिकीट काढा, भले ते तुमच्याच कुशीत झोपेल.

कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडचे असाल तर महाराष्ट्र एक्सप्रेस. गाडी बदलायची भानगड नाही, थेट गोंदियापर्यंत जाते. सावकाश आहे, सगळीकडे थांबते, लोक नावं ठेवतात. मला ती या कामासाठी आवडते. सकाळी भुसावळच्या अलीकडे केळीच्या बागा, मग कापूस, शेगावला फलाटावर कचोरी. मुलाला दिसतं की आपण खूप लांब आलोय, कुणी सांगावं लागत नाही.

माझ्या वेळी मात्र मामाने सांगितलं होतं, 'चार दिवस जाऊन येऊ.' त्या काळी मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायची आणि मग उलट्या दिशेने निघायची. मी मधल्या बर्थवर जागीच होते. गाडी मागे जायला लागली तशी मी उठून चपला शोधू लागले. मला वाटलं, चार दिवस संपले, निघालो घरी. मामाने दौंडचं समजावलं, पण त्या चार दिवसांचं काही बोलला नाही.

आता दौंड कॉर्ड या बाहेरून काढलेल्या जोडमार्गामुळे बऱ्याच गाड्या जंक्शनात न शिरता परस्पर जातात. तुमची शिरत असेल तर मुलाला आधीच सांगून ठेवा. आणि राहायलाच चाललोय, हेही पुण्यातच सांगा. भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, 'मग माझं कपाट?'

शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार मोठ्या बॅगेत नको, तुमच्या पर्समध्ये. मुलाच्या दप्तरात त्याला जे भरायचं ते भरू द्या.

शेवटचं, स्टेशनवर घ्यायला एकच माणूस बोलवा. वर्ध्याला मला घ्यायला नऊ जण आले होते. एकेकीने जवळ घेऊन रडून घेतलं. मला तेव्हा फक्त लघवीला जायचं होतं.