वडोदऱ्यातला स्मार्ट मीटर: मोजमाप चोख, बाकीचं तपासून घ्या

स्मार्ट मीटर, म्हणजे रीडिंग आपोआप वीज कंपनीकडे पाठवणारा मीटर, पळतो का? दांडिया बाजारात, वाडीत किंवा कारेलीबागेतल्या सोसायटीत लाईट बिलाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो, म्हणून उत्तर आधी देतो: नाही, सहसा पळत नाही. घरगुती सिंगल फेज स्मार्ट मीटर आयएस १६४४४ या भारतीय मानकाप्रमाणे बनतो आणि अचूकतेच्या 'क्लास १' मध्ये बसतो, म्हणजे नेहमीच्या लोडवर फरक अधिक-उणे एक टक्क्याच्या आसपास. अलीकडचे साधे इलेक्ट्रॉनिक मीटरही याच दर्जाचे आहेत. त्यामुळे तसला मीटर काढून स्मार्ट बसवला तर केवळ मीटर बदलला म्हणून बिल वाढण्याचं कारण नाही. चकतीचा जुना मीटर निघाला असेल तर मात्र थोडी वाढ दिसेल. चकतीचे मीटर वापरून वापरून झिजतात, मंद होतात, आणि राऊटर किंवा सेट-टॉप बॉक्ससारखा बारीक लोड त्यांना नीट पकडता येत नाही. दिवसरात्र चालू राहणारं १० वॅटचं एक उपकरण महिन्याला ७.२ युनिट खातं. अशी चार उपकरणं घरात सहज निघतात.

तरीही मे २०२४ मध्ये वडोदऱ्यात स्मार्ट मीटरविरोधात लोक रस्त्यावर उतरले. तो राग खोटा नव्हता. त्यानंतर सरकारने स्मार्ट मीटरशेजारी चेक मीटर बसवून तुलना दाखवण्याचं जाहीर केलं, ते योग्यच झालं. गोंधळाचं मोठं कारण हिशेबाच्या पद्धतीत होतं. आपल्याकडे घरगुती बिल दोन महिन्यांनी येतं. मीटर बदलतो त्या दिवशी, शेवटच्या बिलानंतरचे जे काही दिवस जुन्या मीटरवर गेलेले असतात, त्यांची रक्कम बाकी असते. प्रीपेडमध्ये ती बाकी नव्या खात्यावर येते, त्यात रोजचा वापर कापला जातो, स्थिर आकारही दिवसाच्या हिशेबाने कापला जातो. दोन महिन्यांनी एकदा पैसे भरणाऱ्या घराला शिल्लक रोज घसरताना दिसली की मीटर पळतोय असंच वाटणार. म्हणून रुपयांकडे बघून मीटरची पारख करू नका, युनिट बघा. रोज सकाळी ठरावीक वेळी डिस्प्लेवरचं एकूण केडब्ल्यूएच (म्हणजेच युनिट) लिहून ठेवलं तर आठवड्यात चित्र स्पष्ट होतं.

युनिटवरून रुपये काढणंही अवघड नाही. गुजरातमधला घरगुती दर महिन्याच्या हिशेबाने असा धरा: पहिले ५० युनिट ३.०५ रुपये, पुढचे ५० युनिट ३.५०, पुढचे १५० युनिट ४.१५, आणि २५० च्या वर ५.२०. दोन महिन्यांच्या बिलात या मर्यादा दुप्पट होतात. त्यावर इंधन अधिभार येतो. तो बदलत राहतो, म्हणून बिलावर छापलेला आकडा घ्यायचा, इथे २.३० धरू. शेवटी सगळ्यावर १५ टक्के वीज शुल्क. दोन महिन्यांत ३०० युनिट आणि ३ किलोवॅट मंजूर लोड (कंपनीने तुमच्या घराला मंजूर केलेला भार) असेल, तर ऊर्जा आकार ३०५ अधिक ३५० अधिक ४१५ म्हणजे १,०७० रुपये, अधिभार ६९०, स्थिर आकार ५०, आणि शुल्क धरून साधारण २,०८२. म्हणजे युनिटमागे सात रुपयांच्या जरा आत. प्रीपेडमध्ये दिवसाला ५ युनिटांना ३५ रुपयांच्या आसपास कपात होत असेल तर हिशेब बरोबर आहे.

आता एक बारकावा, जो फारसा कुणी सांगत नाही. हिशेब दोन महिन्यांऐवजी महिन्यावर आला आणि तुमचा वापर दोन्ही महिन्यांत सारखा असेल, तर फरक शून्य. पण एप्रिलमध्ये १०० युनिट आणि मे महिन्यात एसीमुळे ३५० युनिट झाले, तर एकत्र ४५० युनिटांचा ऊर्जा आकार १,६९२.५० होतो आणि वेगवेगळा काढला तर १,७९७.५०. शुल्क धरून १२० रुपये जास्त. मीटरचा यात काही दोष नाही, वरचा स्लॅब मे महिन्यात एकट्यालाच लागतो एवढंच. बिलाचा काळ किती दिवसांचा आहे हे पाहिल्याशिवाय मागच्या वर्षीच्या बिलाशी तुलना करू नये.

जिथे युनिटच जास्त पडतात, तिथे पहिला संशय घरातल्या न्यूट्रलवर घ्यावा. फेजच्या तारेतून करंट घरात येतो आणि न्यूट्रलमधून परत जातो. रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागांतल्या जुन्या वाड्यांत मजले चढत गेले, भावाभावांत वाटण्या झाल्या, प्रत्येकाने आपापला मीटर घेतला, पण आतलं वायरिंग एकच राहिलं. फेज वेगळा ओढला आणि न्यूट्रल जवळचा जो मिळेल तो जोडला. इन्व्हर्टर बसवताना हे हमखास होतं. जुन्या पिढीतले बरेच मीटर फक्त फेजच्या तारेतला करंट बघत, म्हणून ही चूक कधी कळली नाही. नवा मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला करंट मोजतो आणि जो जास्त असेल त्यावर युनिट लावतो, कारण अर्थिंगला जोडून वीजचोरी करणं त्याला पकडायचं असतं. परिणाम असा की वरच्या मजल्याचा पंखा वरच्या मीटरवर फेजमधून मोजला जातो आणि त्याचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून परतत असेल तर तुमच्या मीटरवरही मोजला जातो. केवळ अर्धा अँपियर असा चोवीस तास फिरला तरी २३० व्होल्टला ११५ वॅट, म्हणजे महिन्याला सुमारे ८३ युनिट. ४.१५ च्या स्लॅबमध्ये हे सहाशे रुपयांच्या वर जातं. न्यूट्रल ओल्या भिंतीत किंवा गिझरच्या बॉडीतून जमिनीत गळत असेल तरी दोन्ही तारांतला करंट असाच वेगळा दिसतो.

हे शोधायला तासभर पुरतो. घरातले सगळे सिंगल पोल एमसीबी पाडा. ते फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आता मीटरवरचा लाल पल्स दिवा बघा. घरात काहीच चालू नसताना तो लुकलुकत असेल, किंवा डिस्प्लेवर अर्थिंगची खूण येत असेल, तर दुसऱ्याचा करंट तुमच्या न्यूट्रलमध्ये आहे. मग इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजायचं साधन) घेऊन बोलवा. मीटरमधून बाहेर पडणाऱ्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र क्लॅम्पमध्ये धरल्या की आकडा शून्याजवळ यायला हवा. तसा आला नाही तर एकेक सर्किट वेगळं करत जायचं. न्यूट्रल स्वतः सोडवण्याच्या फंदात कुणी पडू नये. वरचा मजला दुसऱ्या फेजवर असेल आणि सामाईक न्यूट्रल तुटला, तर टीव्ही-फ्रिजवर ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतात आणि सगळं एका क्षणात जळतं. दोन्ही मजल्यांचे मेन बंद करूनच हे काम व्हावं. प्रत्येक मीटरमागे स्वतंत्र न्यूट्रल आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच), एवढंच पुरतं. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकायला सांगणारा इलेक्ट्रिशियन बदला. न्यूट्रल कुठे मिसळलाय किंवा करंट कुठे गळतोय, हेच तो पडून सांगत असतो. गणपतीच्या रोषणाईसाठी शेजारच्या बोर्डातून ओढलेली वायरही नंतर काढायची राहून जाते, तीही बघावी.

न्यूट्रल ठीक निघाला आणि तरी शंका उरली तर पाणी तापवायच्या रॉडने मीटर तपासा. इस्त्री आणि गिझरला थर्मोस्टॅट असतो, ते मधेच बंद होतात. साधा रॉड सलग चालतो. १,००० वॅटचा रॉड पूर्ण बुडेल इतकं पाणी बादलीत घ्या, बाकी सगळं बंद करा, मग स्विच चालू करा. रॉड चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही. मीटरवर एका युनिटला किती पल्स हे छापलेलं असतं, बऱ्याच मीटरांवर ३,२०० असतं. डिस्प्लेवर व्होल्टेज बघा. बरोबर २३० असेल तर ५० पल्सना ५६ सेकंद लागतील. २२० असेल तर रॉडच ९१५ वॅट घेतो, म्हणून ६१ ते ६२ सेकंद. फोनवर व्हिडिओ काढून पल्स मोजणं सोपं जातं. रॉडची स्वतःची क्षमता पाच-दहा टक्के इकडेतिकडे असते, तेव्हा या चाचणीत एक टक्क्याची चूक सापडणार नाही. पण मीटर दीडपट पळतोय असा आरोप असेल तर खरं-खोटं इथल्या इथे कळतं.

मीटर बसवायला माणसं येतात तो दिवस सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमकं तेव्हा घरात कुणी लक्ष देत नाही. जुन्या मीटरचा क्रमांक आणि शेवटचं रीडिंग एकाच फोटोत घ्या, नव्याचंही तसंच. मीटर बदलल्याच्या कागदावर दोन्ही रीडिंग लिहिलेली आहेत ना, ते पाहूनच सही करा आणि प्रत मागून घ्या. टर्मिनलला प्रत्येक तारेवर दोन स्क्रू असतात, दोन्ही आवळलेले हवेत. ॲल्युमिनियमची तार एका स्क्रूवर राहिली की तापते, सैल होते, आणि काही महिन्यांत टर्मिनलचं कव्हर पिवळं पडून जळका वास येतो. पंख्याचा वेग आपोआप कमीजास्त होत असेल तर न्यूट्रलचा जोड सैल आहे असं समजून लगेच तक्रार करा. सील लागल्यावर घरच्या इलेक्ट्रिशियनने तिथे हात लावायचा नाही.

लोडच्या बाबतीत हा मीटर काहीच लपू देत नाही. दीड टनाचा एसी, २,००० वॅटचा गिझर आणि इस्त्री एकाच अर्ध्या तासात चालले की मागणी साडेचार किलोवॅटच्या घरात जाते, आणि कागदावर मंजूर लोड ३ असतो. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांनुसार स्मार्ट मीटरने नोंदलेल्या मागणीवरून मीटर बसण्याच्या आधीच्या काळासाठी दंड लावता येत नाही, आणि एका आर्थिक वर्षात किमान तीनदा मर्यादा ओलांडली तरच मंजूर लोड वाढवता येतो. घरगुती स्थिर आकार महिन्याला २ किलोवॅटपर्यंत १५ रुपये, ४ पर्यंत २५, ६ पर्यंत ४५ आणि त्यावर ७० असा आहे. म्हणजे ३ वरून ५ किलोवॅटवर गेल्यास महिन्याला २० रुपये आणि त्यावरचं शुल्क, शिवाय अनामत रकमेतला फरक. एवढ्यासाठी लोड दडवण्यात अर्थ नाही, कारण काही मीटरमध्ये लोडची मर्यादा घातलेली असते आणि ती ओलांडली की आतला स्विच पुरवठा तोडतो. वाढलेल्या लोडप्रमाणे मेनची वायर मात्र बदलायलाच हवी.

मोबाईलवर रोजचे युनिट दाखवणारं स्मार्ट मीटरचं ॲप ही सगळ्यात कच्ची बाजू आहे. मीटर बेसमेंटमध्ये किंवा बोळाच्या आत लोखंडी पेटीत असेल तर सिग्नल पोचत नाही, एका दिवशी शून्य युनिट आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट असं दिसतं. नोंदी मीटरमध्ये साठलेल्या असतात, त्या हरवत नाहीत, उशिरा पोचतात. प्रीपेडवाल्यांनी शिल्लक संपेपर्यंत थांबू नये, कारण पैसे भरले तरी पुरवठा जोडण्याचा निरोप याच सिग्नलवरून मीटरला मिळतो.

ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे किंवा बसणार आहे, त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. नेट मीटरिंगची, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज वेगवेगळी मोजण्याची, सेटिंग नसलेला मीटर उलट दिशेने गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतो. सोलर बसवणाऱ्याने टेस्टिंगच्या नावाखाली सिस्टीम आधीच चालू ठेवली तर तुमची तयार केलेली वीज तुमच्याच बिलावर चढते. डिस्प्लेवर इंपोर्ट आणि एक्सपोर्ट असे दोन वेगळे आकडे येतात ना, काही मीटरांवर ते १.८.० आणि २.८.० या कोडने येतात, हे बघितल्यावरच इन्व्हर्टर चालू करायला सांगा. भर दुपारी घरातलं सगळं बंद असताना फक्त एक्सपोर्टचा आकडा पुढे सरकला पाहिजे.

तक्रार करायची वेळ आली तर १९१२४ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि सबडिव्हिजन ऑफिसात लेखी अर्जही द्या, पोच घेऊन. लोक अजून वीज कंपनीला जुन्या गुजरात विद्युत मंडळाच्या नावाने जीईबीच म्हणतात, पण अर्ज एमजीव्हीसीएलच्या, म्हणजे मध्य गुजरात वीज कंपनीच्या नावाने करायचा. अर्जात 'मीटर पळतो' एवढंच लिहू नका. रोजची रीडिंग, रॉडच्या चाचणीचे सेकंद आणि क्लॅम्प मीटरचे आकडे जोडा आणि चेक मीटर मागा. २०२४ च्या नियम दुरुस्तीप्रमाणे, रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार आली की पाच दिवसांत जादा मीटर बसवून किमान तीन महिने वापर पडताळणं वीज कंपनीवर बंधनकारक आहे. त्या तीन महिन्यांत दोन्ही मीटरांचे फोटो एकाच वेळी, एकाच फ्रेममध्ये घ्या. दोन रीडिंगांमध्ये काही तासांचं अंतर पडलं तरी फरक दिसतो आणि वाद वाढतो. निकाल पटला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत, आणि तिथेही हेच फोटो कामाला येतात.